निष्ठेचा पत्ता : संहिता, परंपरा आणि नकाराचा अधिकार

जुन्या कलाकृतीचा प्रयोग आज करायचा तर तो ‘प्रामाणिक’ असावा, अशी अपेक्षा आपण सहज व्यक्त करतो. ही अपेक्षा नैतिक भाषेत व्यक्त होते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. प्रामाणिकपणा, निष्ठा, भेसळ, विश्वासघात हे सारे शब्द माणसामाणसांतील व्यवहारातून कलाव्यवहारात आलेले आहेत. व्यक्तिव्यवहारात निष्ठेला पत्ता असतो. ज्याच्याशी निष्ठा राखायची तो समोर असतो. त्याला दुखावले जाता येते, तक्रार करता येते, ‘हे माझे नव्हे’ असे म्हणता येते. दोनतीनशे वर्षांपूर्वी मरण पावलेल्या रचनाकाराला यांपैकी काहीच करता येत नाही. मग त्याच्या रचनेशी निष्ठा राखतो असे म्हणणारा वादक वा गायक नेमका कोणाशी बांधलेला असतो?

साहित्यसमीक्षेने हा प्रश्न आपल्यापुरता निकालात काढला आहे, असा एक समज आहे. विम्सॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ साली कर्त्याचा हेतू हा अर्थनिर्णयाचा निकष होऊ शकत नाही असे मांडले, आणि संहितेच्या स्वायत्ततेचा सिद्धांत आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासातही स्थिरावला. परंतु वाचकाला जी सवलत मिळते ती प्रयोगकर्त्याला मिळत नाही. वाचक एखाद्या ओळीची अनेकार्थता तशीच टांगती ठेवू शकतो. वादकाला मात्र प्रत्येक स्वर एका विशिष्ट उंचीवर, एका विशिष्ट लयीत, एका विशिष्ट वाद्यातून काढावाच लागतो. त्याला निर्णय टाळता येत नाही, आणि म्हणूनच निष्ठेचा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक उघडा पडतो.

या प्रश्नाचा विचार करताना माझ्यासमोर वारंवार एक साधे भौगोलिक चित्र उभे राहते. मध्य रेल्वेच्या ठाणे-कल्याण मार्गावर दिवा हे जंक्शन आहे. लोकलच्या प्रवाशाला ते गर्दीमुळे ठाऊक असते, कोकणातल्या माणसाला गाडी पकडण्याचे ठिकाण म्हणून. येथून एक फाटा भिवंडी, कामणमार्गे वसईकडे जातो. दुसरा तळोज्यावरून पनवेलला. पहिल्याच्या टोकाला पोर्तुगीज वसईचे अवशेष आहेत. दुसऱ्याच्या टोकापासून जवळच, जेथून मुंबई-गोवा महामार्ग फुटतो त्या पळस्प्याला, झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरिदुद्दीन डागर या बंधूंनी उभारलेले ध्रुपदाचे गुरुकुल आहे. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु भूतकाळातील नादाचे काय होऊ शकते, याची दोन टोके त्यांत दिसतात.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. यातला मोठा काळ युरोपीय संगीताच्या इतिहासात ‘बरोक’ या नावाने ओळखला जातो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच वर्षी लाइपझिगला बाखच्या ‘क्लाव्हिअर-उबुंग’चा तिसरा भाग छापून प्रसिद्ध झाला. वसई मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना दिल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर अशा घंटा आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. धातू तोच, घडण तीच, म्हणून नादही जवळजवळ तोच. ज्या कानांनी तो ऐकला जात होता ते कान, ज्या घटकेला तो ऐकू येई ती घटका, ज्या कृतीचे ते आवाहन होते ती कृती, हे सर्व मात्र बदलले. वसईचा ख्रिस्ती समाज टिकला आणि त्याची गाणीही टिकली, हे येथे विसरू नये. तुटले ते त्या घंटेचे आणि तिच्या संकेतव्यवस्थेचे नाते. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक शाबूत राहिला आणि चिन्हित पालटले. मंदिरात ती घंटा वाजवणारा भाविक कोणाचाही विश्वासघात करीत नाही, कारण तो निष्ठेचा दावाच करीत नाही.

दावा जेथे केला जातो तेथे अडचण सुरू होते. आणि युरोपने हा दावा फार हट्टाने केला. बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या टॉमास चर्चमध्ये प्रथम सादर झाले असे आता सामान्यतः मानले जाते. पुढे ते विस्मृतीत गेले आणि मेंडेल्सझोनने १८२९ साली बर्लिनमध्ये, बरीच काटछाट करून, पुन्हा पुढे आणले. मधल्या काळात ते गाण्याची, वाजवण्याची हातोहात चालत आलेली रीत उरली नव्हती. उरली होती ती संहिता. म्हणजे वसईच्या घंटेचीच स्थिती, फक्त धातूऐवजी कागद.

१९५३ साली निकोलाउस आर्नोंकूर, त्यांच्या पत्नी आलिस आणि त्यांचे काही सहकारी यांनी व्हिएन्नात ‘कॉन्सेंटुस म्युझिकुस’ हा वाद्यवृंद स्थापन केला. आर्नोंकूर त्या वेळी व्हिएन्ना सिंफनी या प्रतिष्ठित वाद्यवृंदात चेलो वाजवीत. ती नोकरी त्यांनी १९६९ पर्यंत केली. दिवसा आधुनिक वाद्यांवर रूढ पद्धतीचे वादन आणि उरलेल्या वेळात जुनी वाद्ये, आतड्याच्या तारा, जुने वादनग्रंथ, हस्तलिखिते. पहिली जाहीर मैफल १९५७ साली झाली. चार वर्षे केवळ तालमीत गेली, ही गोष्ट मला या वाद्यवृंदाच्या चरित्रातील सर्वांत बोलकी वाटते. हातांना जे सवयीने येत होते ते विसरण्यासाठी ती वर्षे लागली. शिकलेले विसरण्याची ही तालीम आपल्याकडील कोणत्याही घराण्याला चमत्कारिक वाटेल. तेथे परंपरा म्हणजेच अडथळा होता. एकोणिसाव्या शतकाने बाखवर चढवलेली पुटे हीच ‘परंपरा’ म्हणून चालत आली होती, आणि कागदाच्या साक्षीने ती खोटी ठरवायची होती.

मराठी वाचकाला ही भूमिका अपरिचित वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि राजवाड्यांनी १९०९ साली त्याहून जुना असल्याचा दावा करीत वेगळा पाठ छापला. पारायणाला बसणारा वारकरी आणि पाठचिकित्सक यांच्यातील अंतर तेव्हापासून कधी बुजले नाही. वारकऱ्याची ज्ञानेश्वरी त्याला कोणीतरी म्हणून दाखवलेली असते. राजवाड्यांची ज्ञानेश्वरी पोथीतून वर काढलेली असते. दोघेही निष्ठावंतच. एकनाथांचे वेगळेपण असे की त्यांच्यात हे दोघे एकत्र नांदत होते.

कॉन्सेंटुस म्युझिकुसने १९७० साली ‘मॅथ्यू पॅशन’चे ध्वनिमुद्रण केले ते केवळ मुलगे आणि पुरुष यांच्या आवाजांत. बाखच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, म्हणून येथेही नाहीत. १९७१ पासून आर्नोंकूर आणि हार्पसिकॉर्डवादक गुस्टाव लिओनहार्ट यांनी बाखच्या धार्मिक कॅन्टाटांच्या समग्र ध्वनिमुद्रणाचा प्रकल्प हाती घेतला. तो दोन दशके चालला आणि १९९० साली पुरा झाला. त्यातही उंच पट्टीचे एकल गायन मुलग्यांकडे. परंतु ५१ क्रमांकाच्या कॅन्टाटाचा एकल भाग इतका अवघड आहे की तेथे लिओनहार्टनी एका स्त्रीला गायला बसवले. आणि २००० साली आर्नोंकूरनी त्याच कॉन्सेंटुसबरोबर ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा मुद्रित केले तेव्हा गायकवृंदात आणि एकल गायनात स्त्रिया होत्या. संहिता बदलली नव्हती. बाखच्या काळाविषयीची ती माहितीही खोटी ठरली नव्हती. तरी तीस वर्षांनी त्याच माणसाने त्याच कृतीबाबत उलट निर्णय घेतला.

याला कोणी विसंगती म्हणेल. रिचर्ड टारस्किन यांनी १९९५ च्या ‘टेक्स्ट अँड ॲक्ट’मध्ये आणि त्याआधीच्या लेखांत या चळवळीवर जो घणाघात केला त्याचा रोख असाच होता: ज्याला तुम्ही अठरावे शतक म्हणता ती विसाव्या शतकाची अभिरुची आहे, हलका, चपळ, कोरडा नाद तुम्हाला आवडतो आणि त्याला तुम्ही इतिहासाचा शिक्का मारता. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. जुन्या संगीताचे वादक आज ज्याला ‘बरोक स्वरमान’ म्हणतात ते ४१५ कंपनांचे. बाखच्या काळी तर गावोगावी आणि वाद्यावाद्यांत स्वरमान वेगळे असे. ४१५ निवडले गेले त्याचे एक कारण साधे व्यावहारिक आहे. आधुनिक ४४० पासून ते बरोबर अर्ध्या स्वराने खाली येते, म्हणून हार्पसिकॉर्डचा पट्टा एका घराने सरकवला की काम भागते. सोय प्रामाण्याचा पोशाख घालून कशी वावरते याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. लिडिया गोर यांनी १९९२ साली याच्याही मुळाशी जाऊन विचारले की बाखला ‘कृती’ ही कल्पना तरी होती का. पूर्ण, बंदिस्त, पुनःपुन्हा जशीच्या तशी सादर करावयाची कृती ही कल्पना सुमारे १८०० च्या आसपासची. बरोक संहितेत खर्जाच्या स्वरांवर आकडे लिहिलेले असतात आणि त्यांवरून भरणा वादकाने ऐनवेळी करायचा असतो. संहिताच सांगते की मी अपुरी आहे.

एवढे मान्य करूनही मला टारस्किन यांचा निष्कर्ष पुरा पटत नाही. अभिरुची विसाव्या शतकाची असली तरी ती कागदासमोर उभी केली गेली, आणि कागदाने तिला अनेकदा नाकारले. चार वर्षांची ती तालीम म्हणजे नकार ऐकण्याची तालीम होती. आतड्याच्या तारेवर आधुनिक हाताचा झोत चालत नाही, तार तुटते किंवा किंचाळते. जुन्या कमानीला आपली लांबी असते. या वस्तू ‘नाही’ म्हणू शकतात. मृत रचनाकाराला जे करता येत नाही ते त्याच्या वाद्याला काही प्रमाणात करता येते. माझे म्हणणे असे की निष्ठेचा नैतिक गाभा सादृश्यात नाही. मूळ जसे होते तसे झाले की नाही यात तो सापडणार नाही. आपण ज्याच्याशी बांधलेले आहोत त्याला आपल्याला नाकारण्याची सोय आपण ठेवली आहे की नाही, यात तो आहे. १९७० चा निर्णय आणि २००० चा निर्णय या दृष्टीने एकाच निष्ठेचे दोन क्षण ठरू शकतात. ठरतातच असे मात्र नाही. दुसऱ्या वेळी नाकारणारा कागद होता की बाजार, हे बाहेरून सांगणे कठीण आहे.

आता दुसऱ्या फाट्याने पळस्प्याला जाऊ. झिया मोहिउद्दीन डागर १९२९ साली उदयपूरला जन्मले. आर्नोंकूर यांचेही जन्मसाल तेच, आणि कॅन्टाटांचा प्रकल्प जेव्हा संपला त्याच १९९० साली मोहिउद्दीन निधन पावले. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण दोन्ही चरित्रे शेजारी ठेवून वाचण्याची सवय मला त्यामुळेच लागली. डागर घराणे गायकांचे. घरात रुद्रवीणा होती ती मुख्यतः गायकीच्या अभ्यासाचा आधार म्हणून. मोहिउद्दीन यांनी तिला मैफलीचे एकल वाद्य म्हणून पुढे आणले, आणि ते करताना वाद्यच बदलले. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, तारा अधिक जाड घेतल्या, नखी टाकून दिली आणि उघड्या बोटांनी तार छेडली. नाद खोल गेला, मंद झाला, अधिक वेळ रेंगाळू लागला. डागुर बाणीच्या आलापात एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाण्याचा जो सूक्ष्म, लांबवलेला प्रवास असतो, तो आता तारेवर उतरू शकला. ही वीणा ऐकताना श्रोत्याला अतिप्राचीन काहीतरी ऐकल्याचा अनुभव येतो. प्रत्यक्षात तो नाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. मायक्रोफोन नसता तर सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपलीकडे त्यातले कितीसे पोहोचले असते, याची शंकाच आहे.

म्हणजे व्हिएन्नात परंपरा तुटली होती, म्हणून वाद्य जसेच्या तसे जपावे लागले. पळस्प्यात परंपरा अखंड होती, म्हणून वाद्य बदलता आले. वाद्य बदलण्याचा अधिकार मोहिउद्दीन यांना कोठून मिळाला, हा येथील कळीचा प्रश्न आहे. कागदापासून तर तो मिळाला नाही. महाराष्ट्रात ध्रुपदाचा कागद नव्हता असे नाही. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत ध्रुपदे आणि धमार स्वरलिपीसह छापलेले आहेत, आणि त्या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांत पद आहे. डागरांच्या मैफलीचा बहुतांश भाग व्यापणारा आलाप त्यांत नाही, असूही शकत नाही. तो पिढ्यान्पिढ्या समोरासमोर बसून, चुकत, दुरुस्त होत आला. चुकलेल्या षड्जाला तेथे कोणी ‘नाही’ म्हणत असे. मोहिउद्दीन यांनी वाद्यात बदल केले ते हा नकार अंगी मुरल्यानंतर. रागाने वाद्याला नाकारले आणि त्यांनी रागाचे ऐकले, असे म्हणता येईल.

पण हे वर्णन फार गुळगुळीत होते आहे. त्याच रुद्रवीणेचे दुसरे थोर वादक असद अली खाँ (१९३७-२०११) खंडार बाणीचे. ते वीणा परंपरागत रीतीने, एक भोपळा डाव्या खांद्यावर टेकवून धरीत आणि नखीने वाजवीत. त्यांच्या वादनात झोत आहे, आघाताची धार आहे. त्यांचीही परंपरा पिढ्यान्पिढ्यांची. दोन अखंड परंपरा, दोन वीणा, आणि दोन्ही निष्ठावंत. ‘रुद्रवीणेचा अस्सल नाद कोणता’ या प्रश्नाला येथे उत्तर नाही, आणि ते नसल्याने कोणाचे नुकसानही होत नाही. व्हिएन्नाच्या चळवळीला असे दोन समांतर ‘अस्सल’ चालवून घेणे अवघड गेले असते. तेथे कागद एकच असतो आणि दोघांपैकी एकाने तो चुकीचा वाचला असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

येथवर परंपरेच्या बाजूने पारडे झुकले, असे वाचकाला वाटत असेल. आपल्याकडील संगीतचर्चेत ते नेहमीच झुकते. गुरुमुखी विद्या श्रेष्ठ आणि पुस्तकी विद्या कनिष्ठ हे सूत्र इतके पाठ झाले आहे की त्याची तपासणी करणे उद्धटपणाचे मानले जाते. मला ती तपासणी आवश्यक वाटते, आणि ती माझ्याच निकषाने करायला हवी. गुरू शिष्याला नाकारू शकतो, हे खरे. गुरूला कोण नाकारणार? जेव्हा संहिता नसते तेव्हा शिष्याला गुरूविरुद्ध दाद मागण्याची जागाच राहत नाही. ‘आपण काल असे सांगितले होते’ एवढेच तो म्हणू शकतो, आणि तेही बहुधा म्हणत नाही. ज्ञानाचा साठा आणि ज्ञानावरचा अधिकार एकाच देहात असला की त्या देहाच्या इच्छेलाही ज्ञानाचे मोल येते. २०१८ नंतर भारतीय संगीत-नृत्याच्या क्षेत्रात गुरूंविरुद्ध शिष्यांच्या ज्या तक्रारी जाहीरपणे पुढे आल्या, त्या वाचताना जाणवते ते हेच. त्या केवळ व्यक्तींच्या दुर्वर्तनाच्या कहाण्या म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. बोलले तर विद्या बंद होईल, आणि ही विद्या दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, या भीतीवर त्या कित्येक वर्षांचे मौन उभे होते. हस्तलिखितासमोर बसलेल्या वादकाला ही भीती नसते. बाखचा कागद कोणाचीही वाट अडवीत नाही. परंपरेचे सौंदर्यशास्त्र लिहिणाऱ्यांनी तिच्या सत्तेचा हा हिशेब बाहेर ठेवला तर त्यांचे सौंदर्यशास्त्र अपुरे राहते. साहित्यात आपण हे प्रश्न संप्रदाय आणि जात यांच्या संदर्भात विचारायला शिकलो. संगीतासमोर मात्र आपण अजून डोळे मिटून डोलतो.

यावर कागद हाच उतारा, असे मला सुचवायचे नाही. मृताशी निष्ठा राखणे स्वस्तही असू शकते. त्याला तक्रार करता येत नाही, म्हणून त्याच्या नावाने आपली आवड खपवता येते. टारस्किन यांनी दाखवलेला धोका हाच. आणि समोर बसलेला माणूस चूक दुरुस्त करतो त्या वेळी जे घडते त्याची बरोबरी कोणतेही हस्तलिखित करू शकत नाही. गाडामर ज्याला क्षितिजांचा मिलाफ म्हणतो तो वाचनात रूपकाने होतो. तालमीत तो दोन घशांच्या दरम्यान, एका श्रुतीच्या फरकावर होतो.

दरम्यान पळस्प्याची स्थितीही पालटली आहे. मोहिउद्दीन यांचे पुत्र बहाउद्दीन डागर आज ती वीणा वाजवतात आणि शिकवतात. फरिदुद्दीन यांनी भोपाळच्या ध्रुपद केंद्रात दीर्घकाळ शिकवले. २०१३ साली त्यांचेही निधन झाले. मणी कौल हे स्वतः मोहिउद्दीन यांचे शिष्य. त्यांनी १९८२ साली ‘ध्रुपद’ हा चित्रपट केला त्यात दोघे बंधू आहेत. मोहिउद्दीन यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि दिव्याहून पनवेलला जाणाऱ्या गाडीत बसलेला कोणीही विद्यार्थी ती मोबाइलवर ऐकू शकतो. ज्या परंपरेला कागद नव्हता तिच्यापाशी आता एक प्रकारची संहिता जमली आहे. एखाद्या रागातील गांधार मोहिउद्दीन यांनी १९८० च्या दशकात कोठे ठेवला होता हे आता तपासून पाहता येते. उद्या एखादा शिष्य तालमीत थांबून, नम्रपणे, पण थांबून, ‘मुद्रणात तो याहून उतरलेला आहे’ असे म्हणू शकेल. आणि त्यावर गुरू रागावेल, की हसून तंबोरा पुन्हा मिळवायला सांगेल, की तो गांधार पुन्हा ऐकण्यासाठी स्वतःच मुद्रण मागेल, याचा संकेत या परंपरेत अजून ठरलेला नाही.